मनोनियंत्रणाचे दावे आणि नष्ट केलेले दफ्तर

सरकारच्या गुप्त यंत्रणेने आपल्या मनाचा ताबा घेतला, असे सांगणारी माणसे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अनेक देशांत, विशेषतः अमेरिका आणि कॅनडात, पुढे आली. कोणी सांगते की नकळत औषध पाजून आपल्यावर प्रयोग झाला. कोणी सांगते की लहानपणी संमोहनाखाली आपल्याला हवे तसे घडवले गेले आणि त्या आठवणी नंतर पुसून टाकल्या. दूरवरच्या यंत्रातून येणाऱ्या लहरी आजही आपल्या डोक्यात आवाज आणि विचार सोडतात, असे आणखी कोणाला वाटते. ही सगळी कथने एकाच गाठोड्यात बांधायची आणि मग ती सरसकट खरी मानायची किंवा सरसकट वेडगळ ठरवायची, असाच बहुतेकांचा कल असतो. हे दोन्ही निवाडे सोपे आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तचर संस्थेने, म्हणजे सीआयएने, सुमारे दोन दशके मनोनियंत्रणाचे संशोधन चालवले आणि त्यात अनेकांवर त्यांच्या संमतीविना प्रयोग केले, हे सरकारी चौकशीत सिद्ध झाले आहे. अदृश्य यंत्राने कोणीतरी आपले मन चालवते आहे अशी अढळ खात्री हे मनोविकाराचे जुने आणि नीट अभ्यासलेले लक्षण आहे, हेही तितकेच पक्के आहे. वैयक्तिक दावा या दोन सत्यांच्या मधल्या जागेत उभा असतो. त्या जागेत न्याय करणे इतके कठीण झाले, याला १९७३ साली हेतुपुरस्सर नष्ट केलेले सरकारी दफ्तर मोठ्या प्रमाणात जबाबदार आहे.

या इतिहासाची सुरुवात शीतयुद्धातल्या भीतीपासून होते. १९४९ मध्ये हंगेरीचे कार्डिनल मिंडसेंटी यांनी बुडापेस्टच्या न्यायालयात, न केलेल्या गुन्ह्यांची कबुली यांत्रिक स्वरात दिली. कोरियन युद्धात पकडल्या गेलेल्या अमेरिकन वैमानिकांनी आपण जंतुयुद्ध केल्याचे सांगितले. युद्ध संपल्यावर २१ अमेरिकन युद्धकैद्यांनी मायदेशी परतायला नकार दिला. साम्यवादी देशांना मन वळवण्याचे काही गुप्त तंत्र सापडले असावे, या समजुतीने अमेरिकन सरकार आणि समाज दोघेही अस्वस्थ झाले. पत्रकार एडवर्ड हंटर यांच्या लेखनातून ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द १९५० पासून रूढ होत गेला. त्याच वर्षी सीआयएने ‘ब्लूबर्ड’ नावाचा प्रकल्प सुरू केला आणि १९५१ मध्ये त्याचे नाव ‘आर्टिचोक’ झाले. चौकशीत माणसाला खरे बोलायला लावणे, त्याची स्मृती घालवणे आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून काम करून घेणे शक्य आहे का, याचा शोध या प्रकल्पांत घेतला जात होता. १० एप्रिल १९५३ रोजी सीआयएचे संचालक ॲलन डलेस यांनी एका जाहीर भाषणात शत्रू मेंदूवर ताबा मिळवण्याचे युद्ध लढत असल्याचा इशारा दिला. तीनच दिवसांनी, १३ एप्रिलला, त्यांनी ‘एमके-अल्ट्रा’ या नव्या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्याची सूत्रे रसायनशास्त्रज्ञ सिडनी गॉटलिब यांच्या हाती होती.

एमके-अल्ट्रा हा एकच प्रयोग नव्हता. १९७७ साली सीआयएचे तत्कालीन संचालक स्टॅन्सफिल्ड टर्नर यांनी सेनेटपुढे दिलेल्या साक्षीनुसार त्यात १४९ उपप्रकल्प होते. संस्थेबाहेरचे १८५ संशोधक आणि ८० संस्था त्यांच्याशी जोडलेल्या होत्या. त्या संस्थांत ४४ महाविद्यालये व विद्यापीठे, १२ रुग्णालये किंवा दवाखाने आणि ३ तुरुंग होते. पैसा बनावट प्रतिष्ठानांमार्फत जात असल्याने आपण कोणासाठी काम करतो आहोत, हे अनेक संशोधकांना ठाऊक नव्हते. विषयांचा पसाराही मोठा होता. एलएसडी आणि इतर रसायने, संमोहन, झोपेपासून वंचित ठेवणे, विद्युत झटके, अगदी जादूगारांची हातचलाखीसुद्धा अभ्यासाला घेतली गेली. काही उपप्रकल्प निरुपद्रवी ग्रंथालयीन संशोधनाचे होते, तर काहींत माणसाच्या शरीराशी आणि मनाशी क्रूर खेळ झाला. म्हणून एखादी व्यक्ती किंवा संस्था एमके-अल्ट्राशी संबंधित होती, एवढ्यावरून तिथे नेमके काय घडले हे ठरत नाही.

प्रयोगासाठी निवडलेली माणसे बहुतेकदा अशी होती की त्यांच्या तक्रारीला कोणी किंमत देणार नव्हते. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या केंद्रात व्यसनी कैद्यांना एलएसडी दिले जाई आणि मोबदला म्हणून त्यांना त्यांच्या आवडीचा अमली पदार्थ मिळे. काहींना सलग ७७ दिवस एलएसडी देण्यात आले. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को येथे अमली पदार्थ विभागाचा अधिकारी जॉर्ज हंटर व्हाइट याने सीआयएच्या पैशावर गुप्त घरे चालवली. वेश्यांमार्फत आणलेल्या पुरुषांच्या पेयात तिथे औषध मिसळले जाई आणि त्यांचे वागणे एकतर्फी आरशाआडून पाहिले जाई. हे पुरुष पुढे तक्रार करणार नाहीत, याची खात्री धरूनच योजना आखली होती. पुढे काही दावेदार म्हणू लागले की ‘माझ्यावर विश्वास बसणार नाही म्हणूनच माझी निवड झाली’. हा युक्तिवाद ऐकायला भ्रमासारखा वाटला, तरी त्याला या इतिहासात खरा आधार आहे.

पहिला मोठा वादग्रस्त मृत्यूही याच काळातला. लष्कराच्या जैविक संशोधन केंद्रात काम करणारे शास्त्रज्ञ फ्रँक ओल्सन यांना १९ नोव्हेंबर १९५३ रोजी मेरीलँडमधल्या डीप क्रीक तलावाकाठच्या बैठकीत, त्यांना न सांगता, मद्यातून एलएसडी दिले गेले. त्यानंतर ते कमालीचे अस्वस्थ झाले. २८ नोव्हेंबरच्या पहाटे न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हॉटेलच्या खिडकीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. खोलीत त्यांच्यासोबत सीआयएचा एक सहकारी होता. औषधाचा या घटनेशी काही संबंध होता, हे कुटुंबाला बावीस वर्षे कोणी सांगितले नाही. १९७५ मध्ये, सीआयएच्या कारवायांची चौकशी करणाऱ्या रॉकफेलर आयोगाच्या अहवालात नाव न घेता आलेल्या एका उल्लेखावरून कुटुंबाने ओळखले की हे आपल्याच माणसाबद्दल आहे. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी कुटुंबाची भेट घेऊन क्षमा मागितली आणि १९७६ मध्ये संसदेने साडेसात लाख डॉलर भरपाई मंजूर केली. तरी प्रश्न मिटला नाही. १९९४ मध्ये शव उकरून केलेल्या तपासणीत डोक्यावर एक जखम आढळली आणि ती पडण्याआधीची असावी, असे तज्ज्ञांचे मत पडले. तेव्हापासून आत्महत्या, अपघात आणि खून या तिन्ही शक्यता चर्चेत आहेत. मुलांनी २०१२ मध्ये दाखल केलेला दावा पुढच्या वर्षी न्यायालयाने फेटाळला. मुदत उलटल्याचे आणि पूर्वीची तडजोड झालेली असल्याचे कारण त्यात होते. ओल्सन प्रकरणात औषध दिल्याची बाब निर्विवाद आहे, मृत्यू कसा झाला हे मात्र वादग्रस्त आहे. एकाच माणसाच्या कहाणीत सिद्ध आणि असिद्ध असे दोन थर असू शकतात, हे या प्रकरणावरून स्पष्ट दिसते.

माँट्रियलचे प्रकरण याहून व्यापक आहे. तिथल्या मॅकगिल विद्यापीठाशी संलग्न ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटचे प्रमुख इवेन कॅमेरॉन हे जगातल्या सर्वाधिक मानमरातब मिळालेल्या मनोविकारतज्ज्ञांपैकी एक होते. पुढे ते जागतिक मनोविकारतज्ज्ञ संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. आजारी मनाची जुनी घडण आधी मोडून काढायची आणि मग नवी बसवायची, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यासाठी रुग्णांना औषधांच्या साहाय्याने दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे, झोपवून ठेवले जाई. नेहमीच्या उपचारात देतात त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा आणि अधिक तीव्रतेचे विद्युत झटके दिले जात. नंतर ध्वनिफितीवरचे एकच वाक्य हजारो वेळा ऐकवले जाई. अनेक रुग्ण साध्या चिंताविकारासाठी किंवा बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी आले होते. घरी गेले तेव्हा काहींना स्वतःची मुले ओळखता येत नव्हती. १९५७ पासून काही वर्षे या कामाला सीआयएचा पैसा ‘सोसायटी फॉर द इन्व्हेस्टिगेशन ऑफ ह्यूमन इकॉलॉजी’ या आडोशाच्या संस्थेमार्फत मिळत होता आणि कॅनडा सरकारचे अनुदानही होते. पैशाचा उगम कॅमेरॉन यांना माहीत होता की नाही, यावर आजही एकमत नाही.

१९८० मध्ये काही माजी रुग्णांनी, त्यांत एका खासदाराच्या पत्नी व्हेल्मा ऑर्लिको होत्या, सीआयएविरुद्ध दावा लावला. नऊ वादींशी १९८८ मध्ये साडेसात लाख डॉलरवर तडजोड झाली. कॅनडा सरकारने १९९२ पासून ७७ जणांना प्रत्येकी एक लाख कॅनेडियन डॉलर दिले, पण पुष्कळ अर्ज फेटाळले. मनाची घडण पुरेशी मोडलेली नव्हती, हे त्यामागचे कारण होते. या निकषातला अन्याय ठळक आहे. इथे स्मृती जाणे हीच इजा होती आणि ज्याची स्मृती गेली त्यानेच आपल्यावर काय झाले हे सिद्ध करायचे होते. पुरावा रुग्णालयाच्या कागदांत होता आणि ते कागद रुग्णाच्या हातात नव्हते.

एमके-अल्ट्राच्या मूळ कागदांचे काय झाले, हे या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. जानेवारी १९७३ मध्ये सीआयएचे संचालक रिचर्ड हेल्म्स पद सोडण्याच्या तयारीत होते. वॉटरगेट प्रकरणामुळे वॉशिंग्टनमधले वातावरण तापले होते. हेल्म्स आणि गॉटलिब यांच्या संमतीने प्रकल्पाची कागदपत्रे नष्ट करण्यात आली. डिसेंबर १९७४ मध्ये सेमूर हर्ष यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सीआयएच्या देशांतर्गत बेकायदा कारवायांची बातमी दिली आणि त्यातून रॉकफेलर आयोग आणि सेनेटर फ्रँक चर्च यांची समिती उभी राहिली. दोघांनाही फार थोडे कागद हाती लागले. पुढे लेखक जॉन मार्क्स यांनी माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली केलेल्या अर्जाच्या निमित्ताने शोध सुरू झाला. १९७७ मध्ये आर्थिक नोंदींच्या वेगळ्या कपाटात नष्ट व्हायच्या राहिलेल्या सुमारे २०,००० पानांचा साठा सापडला. ही पाने प्रामुख्याने हिशेबाची होती. कोणत्या संस्थेला किती पैसे गेले, हे त्यांवरून कळते. प्रयोग कोणावर झाला, त्याचे नाव काय आणि नंतर त्याचे काय झाले, हे मात्र बहुतेक ठिकाणी कळत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संशोधकांची नावे गुप्त ठेवण्याचा सीआयएचा अधिकारही मान्य केला. परिणाम असा की ज्याच्यावर खरोखर प्रयोग झाला त्याला तो सिद्ध करता येत नाही आणि ज्याच्यावर झाला नाही त्याचा दावा निर्णायकपणे खोडता येत नाही.

न्यायालयांपुढे ही कोंडी वारंवार आली. पॅरिसमध्ये चित्रकला शिकणाऱ्या एका अमेरिकन तरुणाने सांगितले की १९५२ मध्ये एका कॅफेत काही अमेरिकनांशी त्याचा वाद झाला. त्यांच्यातल्या पायाने अधू असलेल्या एका गृहस्थाने त्याला पेय आणून दिले आणि ते प्यायल्यावर त्याचे जग विस्कटले. गॉटलिब जन्मतः पायाने अधू होते. या तरुणाने पुढे चित्रे काढली नाहीत. १९७७ च्या सेनेट सुनावणीची माहिती मिळाल्यावर त्याला आपल्या अनुभवाचा अर्थ लागला आणि १९८३ मध्ये त्याने दावा लावला. १९९२ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर बहिणीने लढा चालवला. १९९८ मध्ये अपिलीय न्यायालयाने महत्त्वाचे तत्त्व मांडले. खटला होऊ शकतो हे माहीत असताना कागद नष्ट केले गेले असतील, तर त्या कागदांत प्रतिवादीविरुद्ध काही होते असा निष्कर्ष ज्यूरीला काढता येईल. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये गॉटलिब वारले. त्यांच्या वारसांविरुद्ध सुनावणी झाली, पण ज्यूरीने निकाल वादीविरुद्ध दिला. दफ्तर नष्ट केल्याने संशयाला जागा मिळाली, पण तेवढ्या संशयावर दावा सिद्ध झाला नाही.

दुसरे उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका उपमार्शलचे आहे. डिसेंबर १९५७ मध्ये नाताळच्या कार्यालयीन मेजवानीनंतर या निष्कलंक अधिकाऱ्याने पिस्तूल घेऊन एका बारवर दरोड्याचा प्रयत्न केला. पकडला गेल्यावर त्याने गुन्हा कबूल केला आणि नोकरी सोडली. चाळीसहून अधिक वर्षे तो या कृत्याचे कारण शोधत राहिला. १९९९ मध्ये गॉटलिब यांच्या निधनाची बातमी वाचून त्याला वाटले की त्या संध्याकाळी आपल्या पेयात एलएसडी मिसळले असावे. जॉर्ज हंटर व्हाइटच्या रोजनिशीत त्याच दिवशी त्याच सरकारी इमारतीतल्या मेजवानीची नोंद निघाली. व्हाइटच्या एका सहकाऱ्याने साक्षीत अर्धवट, संदिग्ध कबुलीसारखी उत्तरे दिली. तरीही न्यायालयाने पुरावा अपुरा मानला आणि २००६ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. हा दावा खरा असू शकतो, पण तो सिद्ध झालेला नाही. आज त्याबद्दल प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते.

अनुभव निर्विवाद असला तरी न्याय मिळेलच असे नव्हते. १९५८ मध्ये संरक्षक पोशाखाच्या चाचणीसाठी स्वयंसेवक झालेल्या एका सार्जंटला लष्कराने गुपचूप एलएसडी दिले. १९७५ मध्ये पुढील वैद्यकीय पाहणीसाठी आलेल्या लष्कराच्याच पत्रातून त्याला ही गोष्ट समजली. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की सैनिकाला सेवेत झालेल्या अशा इजेबद्दल सरकारवर दावा लावता येत नाही.

या दाव्यांचे काही समान गुण आहेत. घटना एका विशिष्ट ठिकाणी आणि काळी घडली, ती ज्ञात प्रकल्पाच्या कक्षेत बसते, आणि वागण्यातला बदल त्याच वेळी इतरांनीही पाहिलेला असतो. १९८० आणि १९९० च्या दशकांत पुढे आलेला दुसरा प्रकार याहून वेगळा आहे. त्यात प्रौढ व्यक्ती उपचारादरम्यान, बहुधा संमोहनाखाली, अशा आठवणी सांगू लागल्या की बालपणी त्यांना गुप्त तळांवर नेऊन छळले गेले आणि त्यांच्यात अनेक व्यक्तिमत्त्वे निर्माण करून त्यांना संकेतावर चालणारे हस्तक बनवले गेले. ‘मोनार्क’ हे नाव या कथनांत वारंवार येते. उपलब्ध कागदपत्रांत अशा नावाच्या मनोनियंत्रण प्रकल्पाचा मागमूस नाही. या कथनांचा साचा रिचर्ड काँडन यांच्या १९५९ च्या ‘द मांचुरियन कँडिडेट’ या कादंबरीतल्या आणि तिच्यावरच्या १९६२ च्या चित्रपटातल्या संकेतबद्ध मारेकऱ्याशी मिळताजुळता आहे. रॉबर्ट केनेडी यांचा मारेकरी सिरहान सिरहान याच्या वकिलांनीही तो संमोहनाच्या प्रभावाखाली होता असा युक्तिवाद केला. फेडरल न्यायालयाने २०१५ मध्ये तो नाकारला. सीआयएचा स्वतःचा अनुभव या साच्याच्या उलट जातो. माणसाला खात्रीने चालवणारे औषध किंवा तंत्र वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून हाती लागले नाही. परिणाम इतके बेभरवशाचे होते की गॉटलिब यांनीच अखेर त्यांची उपयुक्तता फार मर्यादित असल्याचे मान्य केले.

स्मृतीच्या संशोधनातूनही सावधगिरीचा धडा मिळतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २४ जणांना त्यांच्या बालपणीचे तीन खरे प्रसंग आणि मॉलमध्ये हरवल्याचा एक बनावट प्रसंग सांगितला. सुमारे एक चतुर्थांश लोकांना न घडलेला प्रसंग पूर्ण किंवा अंशतः ‘आठवला’. यावरून प्रत्येक उशिरा आलेली आठवण खोटी ठरत नाही. पण स्मृती जशीच्या तशी साठवलेली नसते, ती प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते आणि सूचनेने बदलते, हे स्पष्ट होते. संमोहनाखाली माणसाचा आठवणीवरचा विश्वास वाढतो, तिची अचूकता मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. सांगणारा मनापासून बोलत असतो आणि तरी घटना घडलेली नसते, असे होऊ शकते.

तिसरा प्रकार दुरून येणाऱ्या लहरींचा आहे आणि त्याचा इतिहास गुप्तचर संस्थांहून जुना आहे. लंडनचा चहाचा व्यापारी जेम्स टिली मॅथ्यूज फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातल्या खऱ्या गुप्त वाटाघाटींत गुंतला होता आणि फ्रान्समध्ये काही वर्षे कैदेत होता. परतल्यावर त्याने संसदेत ओरडून मंत्र्यावर फितुरीचा आरोप केला आणि १७९७ मध्ये त्याला बेथलेम मनोरुग्णालयात ठेवले गेले. शहराखाली लपलेली एक टोळी ‘हवेचा माग’ नावाच्या यंत्राने चुंबकीय प्रवाह सोडून आपले आणि राजकारण्यांचेही मन वळवते, असे तो सांगे. डॉक्टर जॉन हॅसलम यांनी १८१० मध्ये त्याच्या भ्रमावर पुस्तक प्रसिद्ध केले. एका रुग्णाच्या भ्रमाचे इतके तपशीलवार वर्णन याआधी क्वचितच झाले असेल. मॅथ्यूजच्या कहाणीत राजकीय कारस्थानाचा खरा गाभा होता आणि त्याभोवती भ्रमाचे कवच होते. १९१९ मध्ये व्हिएन्नाचे व्हिक्टर टाउस्क यांनी प्रभाव टाकणाऱ्या यंत्राचा हा अनुभव स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांत कसा आढळतो, हे मांडले. यंत्राचे रूप काळानुसार बदलते. चुंबकानंतर वीज आली, मग रेडिओ, सूक्ष्मलहरी, उपग्रह आणि मेंदूत बसवलेली चिप. अनुभवाची घडण मात्र फारशी बदलत नाही.

या प्रकारातले दावेदार काही खऱ्या वैज्ञानिक घटनांकडे बोट दाखवतात. होसे डेल्गाडो यांनी १९६० च्या दशकात स्पेनमध्ये, मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडला रेडिओसंदेश देऊन धावत्या वळूला थांबवले. ॲलन फ्रे यांनी त्याच दशकाच्या आरंभी दाखवले की स्पंदित सूक्ष्मलहरींमुळे माणसाला टिकटिक किंवा गुणगुण ऐकू येऊ शकते. मॉस्कोतल्या अमेरिकन दूतावासावर सोव्हिएत संघाने अनेक वर्षे सूक्ष्मलहरी सोडल्या. २०१६ पासून हवाना आणि इतरत्र अमेरिकन अधिकाऱ्यांनी डोकेदुखी, आवाज आणि तोल जाण्याच्या तक्रारी केल्या. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीला त्यांतल्या काही लक्षणांचे सर्वांत संभाव्य कारण स्पंदित रेडिओऊर्जा वाटले. २०२३ मध्ये गुप्तचर यंत्रणांच्या बहुतेक घटकांना यामागे परकीय शत्रू असणे अत्यंत असंभाव्य वाटले. २००१ मध्ये अमेरिकन संसदेत मांडलेल्या एका विधेयकात ‘सायकोट्रॉनिक’ शस्त्रांचा शब्दही होता, मात्र ते मंजूर झाले नाही. या सर्व गोष्टी खऱ्या असल्या, तरी टिकटिक ऐकू येणे आणि दुरून वाक्ये किंवा विचार डोक्यात घालणे यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर पार करणारे तंत्र अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही.

मनोविकारशास्त्राने या लोकांचे अनुभव थेट अभ्यासले आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेरिडन आणि जेम्स यांच्या अभ्यासात, पाठलागाच्या १,०४० तक्रारींपैकी १२८ जणांनी संघटित गटाकडून छळ होत असल्याचे लिहिले होते. संशोधकांना त्या सर्व १२८ तक्रारी भ्रमाच्या स्वरूपाच्या वाटल्या. पण एकट्या व्यक्तीकडून पाठलाग झालेल्यांपेक्षा या लोकांत नैराश्याची आणि आघाताची लक्षणे अधिक होती, हेही त्यांनी नोंदवले. छळ करणारा गट नसला, तरी यातना खऱ्या होत्या. वॉन बेल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की असे अनुभव असलेली माणसे एकमेकांना शोधून समुदाय बनवतात. त्यामुळे भ्रम हा नेहमी एकाकी माणसाचाच असतो आणि तो समाजाने वाटून घेतलेला नसतो, ही जुनी व्याख्या अपुरी पडते. दुःख समजणारे लोक भेटल्याने धीर येतो, पण त्याच समुदायात खात्री घट्ट होते आणि उपचाराची वाट बंद होऊ शकते. सप्टेंबर २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल तळावर १२ जणांना ठार करणारा माणूस कमी वारंवारतेच्या लहरी आपल्याला चालवतात, असे मानत होता. असा हिंसक शेवट अत्यंत दुर्मिळ आहे. बहुसंख्य लोक कोणालाच इजा करत नाहीत आणि एकटेच सोसत राहतात.

‘अविश्वसनीय’ हे कारण निदानाला पुरेसे नसते. वॉटरगेटच्या काळात माजी महान्यायवादी जॉन मिशेल यांच्या पत्नी मार्था मिशेल यांनी व्हाइट हाउसमधल्या बेकायदा कारवायांबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना मानसिकदृष्ट्या अस्थिर ठरवले गेले. पुढे त्यांचे म्हणणे खरे निघाले. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडन मॅहर यांनी खऱ्या घटनेला भ्रम समजण्याच्या या चुकीला ‘मार्था मिशेल परिणाम’ असे नाव दिले. भ्रम म्हणजे नुसते असत्य नव्हे. श्रद्धा कशी धरली जाते, कोणत्याही पुराव्याने ती बदलते का आणि प्रत्येक विरोधी गोष्टीचा कटातच समावेश होतो का, यावर निदान ठरते.

भारतीय वाचकाला हा विषय सर्वस्वी परका नाही. सीआयएने ‘सत्यद्रव्य’ म्हणून तपासलेल्या रसायनांपैकी सोडियम पेंटोथाल भारतीय तपासयंत्रणांनी नार्को चाचणीत वापरले. महाराष्ट्रात मुद्रांक घोटाळ्यासारख्या गाजलेल्या तपासांत ही चाचणी झाली आणि २००८ मध्ये पुण्याच्या एका न्यायालयाने खुनाच्या खटल्यात मेंदूलहरींच्या चाचणीचा आधारही घेतला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात स्पष्ट केले की व्यक्तीच्या संमतीविना नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूलहरींची चाचणी करता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) आणि कलम २१ खाली तिचे मन तिच्या मर्जीविरुद्ध उघडण्याचा अधिकार राज्याला नाही. या चाचण्या उघडपणे आणि न्यायालयाच्या नजरेखाली झाल्या, म्हणूनच त्यांना आव्हान देता आले. एमके-अल्ट्राच्या बळींना ती संधीच मिळाली नाही.

वैयक्तिक दाव्याचा विचार करताना काही प्रश्न क्रमाने विचारावे लागतात. सांगितलेले ठिकाण आणि काळ ज्ञात कार्यक्रमाशी जुळतात का? घटनेच्या वेळची वैद्यकीय नोंद, पत्र किंवा साक्षीदार आहे का? आठवण सुरुवातीपासून होती, की सूचना देणाऱ्या उपचारातून उभी राहिली? सांगितलेली कृती त्या काळच्या तंत्राने शक्य होती का? आणि कोणता पुरावा मिळाला तर दावेदार स्वतः मत बदलेल? या कसोट्यांवर पॅरिसचा चित्रकार आणि सॅन फ्रान्सिस्कोचा उपमार्शल गांभीर्याने घ्यावेत असे ठरतात. माँट्रियलच्या रुग्णांचे म्हणणे बहुतांशी सिद्ध होते. संकेतावर चालणारे हस्तक आणि विचार पेरणाऱ्या लहरी यांना आधार मिळत नाही. पण दाव्याचा निकाल काहीही लागला, तरी सांगणाऱ्या माणसाशी वागण्याची रीत बदलायला नको. त्याचे ऐकून घेणे, त्याची टवाळी न करणे आणि त्याला मदतीपर्यंत पोहोचवणे, हे कर्तव्य पुराव्यावर अवलंबून नाही. त्याचप्रमाणे करुणेपोटी असिद्ध गोष्ट सिद्ध म्हणून मान्य करणे हीही मदत नव्हे, कारण त्याने आजारी माणसाची भीती वाढते आणि खऱ्या बळीची साक्ष स्वस्त होते.

या इतिहासातून काही नियम घडले. माणसाची स्वेच्छेची संमती हे न्यूरेंबर्ग संहितेचे पहिले तत्त्व १९४७ मध्येच मांडले गेले होते, तरी एमके-अल्ट्रा त्यानंतर घडला. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी आदेश काढून गुप्तचर संस्थांना माणसावर औषधांचे प्रयोग करण्यास मनाई केली. जाणीवपूर्वक, लेखी आणि त्रयस्थाच्या साक्षीने दिलेली संमती असेल तरच अपवाद ठेवला गेला. अशा नियमांचे पालन झाले की नाही, हे पुढच्या पिढीला कळण्यासाठी कागद टिकणे आवश्यक आहे. हेल्म्स यांचा निर्णय केवळ एका संस्थेची अब्रू वाचवण्याचा नव्हता. त्याने बळींचा पुरावा हिरावला आणि भ्रमात सापडलेल्यांना त्यातून बाहेर पडण्याची एक वाट बंद केली. कारण ‘कागदांत काहीच नाही’ असे आता त्यांना कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून गुप्त प्रयोगांच्या नोंदी जपणे आणि ठरावीक काळाने त्या खुल्या करणे हा केवळ इतिहासकारांचा आग्रह राहू नये. ज्या राज्याने एकदा नागरिकाच्या मनावर हात टाकला, त्याच्यावर असलेले ते किमान ऋण आहे.